बरणीतला समुद्रतळ

समुद्राच्या तळाची जेवढी काळजी आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी वाहिली, तेवढी खुद्द समुद्रानंही वाहिली नसेल; आणि सर राहायचे सोलापुरात. मूळचे दुधनीचे. घराण्यात माशाला कुणी कधी शिवलं नव्हतं, पण मासा काय खातो याचा घोर सरांना सदैव. रत्नागिरीला ओहोटीत उघडा पडलेला काळा चिखल त्यांनी बरणीत भरला, वर समुद्राचं पाणी ओतलं आणि एस.टी.त मांडीवर धरून आणला. वासानं कंडक्टर म्हणाला, "मास्तर, तुमची अंडी लई नासली की वो!" चिखलाला नावं ठेवल्याचं काही नाही, पण अंड्यांचा आळ आल्यानं सर सोलापूर येईपर्यंत फुगून बसले होते.

त्या चिखलात लाल दोऱ्यासारखे तीन किडे होते. प्रयोगशाळेत परीक्षक येवो की पोस्टमन, आधी खिडकीतल्या बरणीचं दर्शन. बाप मागावर चादरी विणायचा; घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळं विचारायची लाज नव्हती. "सर, हे किडे चिखल खातात?"

"तू कच्ची ज्वारी खातोस का रे? आई दळते, थापते, तेव्हा पोटात जाते. वरून पडलेला मेलेला पाला या किड्यांना पचत नाही. जिवाणू तो कुजवतात, त्यावर वाढतात. किडा चिखलासकट त्या जिवाणूंना गिळतो, अन् किड्याला मासा. तळाशी चूल जिवाणूंची!"

दुष्काळाच्या उन्हाळ्यात गावी जाताना सरांनी बरणी माझ्या हवाली केली. "आटेल तेवढं पाणी घाल. तिन्ही जिवंत दिसले पाहिजेत मला." घरी आई करवादली, "माणसं तान्हेली, अन् चिखलाला पाजतूस व्हय?" तरी मी माझ्या वाटणीचं पाणी घातलं. वर शहाणपण असं, की समुद्र खारट, म्हणून दर खेपेला मूठभर मीठ!

सर आले तेव्हा तिन्ही किडे निपचित. मिठाचं मी कबूल केलं. सर हळूच म्हणाले, "पाणी उडतं रे. मीठ मागं राहतं." मग बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "ये, बघ. यांच्यावर पांढरी साय धरलीय. चूल पेटलेलीच आहे."

"नवी बरणी मी आणून देईन, सर," मी म्हणालो. समुद्रापर्यंत पोचायला मला चार वर्षं लागली, आणि सर तेवढे थांबले नाहीत. बरणी मात्र आणली. माझ्या खिडकीत आहे. पाणी आटलं की घालतो. गोडं.