डनी, टकर आणि पुढची खोली

जर्मनीत र्युसेल्सहाइमला आम्ही एका विधवेच्या घरात भाड्यानं राहायचो. साठ-एकसष्ट साल असेल. हे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, मी चौथी पास. स्वयंपाकघरामागची आमची खोली एवढी लहान होती की एकानं कूस बदलली की दुसऱ्यानं बदलायलाच हवी. भिंतीपलीकडे घरमालकीण झोपायची. मला दिवस गेल्याचं तिला कळलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "माझ्या उशाशी मूल रडलेलं चालायचं नाही. मुलगी लग्न करून गेली, तर तिची पुढची खोली घ्या. नाही गेली, तर थंडी संपली की दुसरं घर बघा."

दुसरं घर कोण देणार होतं? पोट दिसलं की दारं लागत होती. म्हणून तिच्या मुलीचं लग्न व्हावं, आणि तिनं लांब जावं, असं मला मनापासून वाटायचं. मुलगी चांगली होती. तरीही जावी.

तिच्यासाठी नवरा वरच तयार होता. माळ्यावरच्या खोलीत एक ऑस्ट्रेलियन राहायचा, यांच्याच कारखान्यात. उन्हाळ्यात सोलून निघालेल्या नाकाचा, सदा हसरा. तो तिला आपल्या देशी नेणार म्हणत होता आणि आई नाही म्हणत होती. एके दिवशी त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आखून तिला एक शब्दकोडं करून दिलं. सगळे त्याच्या गावाकडच्या बोलीतले शब्द. वर आईला ऐटीत म्हणाला, "एवढे शब्द आले की आमच्याकडे कुणाचं अडत नाही."

"आल्झो, बरं तर," आई म्हणाली, "मग हिनं हे येत्या रविवारपर्यंत सोडवून अर्थासकट सांगावं. तू मदत करायची नाहीस. सांगितलं तर जाऊ दे. नाही तर या घरात ऑस्ट्रेलियाचं नाव काढायचं नाही."

मुलीचं इंग्रजी शाळेपुरतं. ती कॅलेंडर घेऊन यांच्याकडे आली, कारण हिंदुस्थानी माणसाला इंग्रजी येतंच. यांची छाती फुगली. पुण्याला असताना हे वर्तमानपत्रातली बक्षिसाची कोडी भरून पाठवायचे. बक्षीस कधी लागलं नाही, पण सवय लागली होती: शाईनं लिहायचं आणि एकही घर रिकामं सोडायचं नाही, रिकामं दिसलं की कोडं बाद. डिक्शनरी काढून बसले. दुपारला काय म्हणतात? चार घरं. लिहिलं 'नून'. जेवण, सहा घरं. 'डिनर'. पुढची खूण अंगणातल्या संडासाची, तिथे यांचे कान लाल झाले. मुलीच्या जातीसमोर असलं कसं बोलायचं? शेवटी एक सभ्य शब्द सापडला, 'प्रिव्ही', पाच घरं, तोही शाईनं.

आडवे शब्द बसले की उभे मोडायला लागले.

"अहो, चुकतंय कुठेतरी," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय? त्या पोराचंच स्पेलिंग कच्चं आहे."

मुलगी रडकुंडीला आली. मला तिचं रडणं परवडणारं नव्हतं. त्यानं तिला मदत करायची नव्हती, मला करू नये असं कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गरम थालीपीठ घेऊन मी माळ्यावर गेले आणि म्हटलं, "सांग."

आमचं दोघांचं जर्मन सारखंच लंगडं. त्यानं निम्मं बोलून आणि निम्मं नाचून सांगितलं. जेवण म्हणजे 'टकर'. दुपार म्हणजे 'आर्वो'. चहा उकळायचा पत्र्याचा डबा म्हणजे 'बिली'. आणि परसातला संडास म्हणजे 'डनी'. तो कसा वापरायचा तेही त्यानं नीट सांगितलं. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या माहेरी तर तेवढीही सोय नव्हती.

खाली येऊन मी मुलीला एकेक शब्द सांगितला. यांच्या शाईवर ती जाड पेन्सिलनं नवी अक्षरं लिहीत गेली. अर्थ जर्मनमध्ये सांगता येईनात तिथे मी करून दाखवलं. डनीची पाळी आली. मी लाटणं उचललं, स्टुलावर दोनदा आपटलं, वाकून खाली बघितलं, मग पोट सावरत, निऱ्या गोळा करून बसले. नेमकी तेव्हाच घरमालकीण बटाट्याची टोपली घेऊन आत आली.

"हे काय चाललंय?"

"ऑस्ट्रेलिया," मुलगी म्हणाली.

बाईनं टोपली खाली ठेवली. "आणि ती काठी कशाला?"

"कोळी असतात. बसायच्या फळीखाली," मी म्हटलं.

"केवढे?"

मी पंजा पसरून दाखवला. बाई खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मुलगी हसली नाही.

"पावसात?" तिनं मला विचारलं.

"छत्री."

"रात्री?"

"कंदील. आणि काठी."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मी घाईनं ती उचलून परत तिच्या हातात दिली.

रविवारी तिनं सगळं कोडं घडाघडा सांगितलं, एक शब्द चुकला नाही. यांनी मध्येच 'प्रिव्ही'ची बाजू मांडायचा प्रयत्न केला, कुणी लक्ष दिलं नाही. आईचं तोंड एवढंसं झालं. "जा, जा. ठरलं ते ठरलं. जाऊ शकतेस."

"मी जात नाही," मुलगी म्हणाली. "लग्न याच्याशीच करणार. पण जिथे संडास घरात आहे तिथेच राहणार. यानं इथे राहावं."

ऑस्ट्रेलियननं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "तुमच्याकडे अंघोळीला गरम पाणी रोज असतं?"

"शनिवारी," घरमालकीण म्हणाली.

"चालेल."

झालं. जर्मनीत येऊन मी घरजावई बघितला. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले आणि वाईन निघाली. पुढची खोली आता त्या दोघांची. मी ग्लासाला हात न लावता विचारलं, "आणि आम्ही कुठे जायचं?"

घरमालकिणीनं बाटली खाली ठेवली. तिची मुलगी माझ्या त्या बैठकीमुळे घरात राहिली, हे तिला ठाऊक होतं. "हा खाली आला की वरची खोली रिकामीच की," ती म्हणाली. "तिथे मूल रडलं तर कौलांना ऐकू जाईल. मला नाही."

मूल तिथेच वाढलं. माळा उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत बर्फ. छत इतकं उतरतं की हे रोज सकाळी उठले की डोकं आपटायचे. दोन वर्षं कारखान्यात काढून यांना ज्या जर्मन शिव्या आल्या नव्हत्या, त्या एकाच हिवाळ्यात आल्या.