बाण न आलेलं वर्तुळ

मॅडमनी मला फळ्यापाशी उभं केलं. फळ्यावर खिळ्याला तक्ता टांगलेला. तक्त्यावर वर्तुळं, प्रत्येकात एका मुलीचं नाव, आणि या वर्तुळातून त्या वर्तुळात धावणारे लाल बाण. माझ्या नावाचं वर्तुळ खाली उजव्या कोपऱ्यात होतं. त्यातून तीन बाण बाहेर गेलेले. आत एकही आलेला नाही.

"तुम्हें क्या लगता है," मॅडमनी विचारलं, "तुममें क्या कमी है?"

अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. शिक्षिका होण्याचं शिक्षण घ्यायला आलेल्या मुली, बी.एड.च्या. विषय, मुलांचा सामाजिक विकास.

आदल्या आठवड्यात मॅडमनी चिठ्ठ्या वाटल्या होत्या. तुम्हाला वर्गात कोणाशेजारी बसायला आवडेल? तीन नावं लिहा. मी सुवाच्य अक्षरात तीन नावं लिहिली. त्या चिठ्ठ्यांचा हा तक्ता. ज्या वर्तुळात सगळ्यात जास्त बाण, ती मुलगी 'तारा'. ज्यात एकही नाही, ती 'एकाकी'. असा तक्ता मुलांना कधीही दाखवू नये, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. ते पान मॅडमनी बहुधा पुढच्या तासाला ठेवलं असावं.

मी काय उत्तर दिलं, ऐका.

"मैडम, मैं कम बोलती हूँ।"

"देखा?" मॅडम वर्गाकडे वळल्या. "अपनी कमी मान लेना सुधार की पहली सीढ़ी है। ताली बजाइए इसके लिए।"

टाळ्या वाजल्या. आणि मला आनंद झाला. हो. ती एकवीस-बावीस वर्षांची येडपट पोरगी, दोन वेण्या, कडक इस्त्रीची सुती साडी, टाळ्या ऐकून लाजली. त्या वर्गात पहिल्यांदाच कोणी तिच्याकडे बघून हसत होतं. मला आज ती भेटली तर मी तिच्या दोन्ही वेण्या धरून तिला गदागदा हलवीन.

कम बोलती हूँ! माझ्या नवऱ्याला लग्नानंतर हे सांगितलं, तेव्हा त्याच्या नाकातून चहा बाहेर आला होता.

आम्ही लक्ष्मीबाई नगरात राहायचो. वडील केंद्र सरकारात कारकून. नागपूरकडचं घर, दिल्लीतली नोकरी, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. दिल्लीत आमच्या आडनावावरून कोणाला काही कळायचं नाही, हा वडिलांना मोठा दिलासा होता. तो दिलासा कॉलेजच्या बाबूने पहिल्याच महिन्यात मोडला. तास चालू असताना दारात उभा राहून तो ओरडायचा, "शेड्यूल्ड वाली लड़कियाँ, वज़ीफ़े के लिए दफ़्तर में!" शिष्यवृत्तीसाठी आमच्या वर्गातून एकच मुलगी उठायची, मी. बाकीच्या पुस्तकात बघायच्या. फार अभ्यासू वर्ग होता.

तर 'कमी' कळली. मग मी सुधारायला लागले. मॅडमनी सांगितलं होतं, हसून बोला, वाटून खा, पुढाकार घ्या. मी आरशासमोर हसायचा सराव केला. आई म्हणाली, "दात दुखतोय का गं?" मी बेसनाचे लाडू करून नेले. सोमवार होता, एकीचा उपवास निघाला. मंगळवारी दुसरीचा. गुरुवारी तिसरीचा. माझ्या डब्यासमोर आठवड्याचे सगळे वार उपवासाचे होऊन बसले. तरी माझ्या डोक्यात प्रकाश नाही. मला वाटलं, दिल्लीच्या मुली फार धार्मिक.

कमलेश नावाची एक मुलगी होती, करोल बागेची. आम्ही एकाच बसने थोडं अंतर बरोबर जायचो. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची. माझ्या नोट्स उतरवून घ्यायची. माझा लाडूही तिने खाल्ला होता. बसमध्ये. म्हणजे निदान एक बाण यायला हवा होता की नाही? तिला मी विचारलं.

ती म्हणाली, "यार, सबके सामने कैसे लिखती?"

एवढंच. राग नाही, लाज नाही. बाहेर ऊन आहे म्हणावं, तसं. आणि मी मान हलवली. बिल्कुल, बरोबर आहे, सगळ्यांसमोर कसं लिहिणार? वाक्य ऐकलं. त्याचा अर्थ मात्र कित्येक वर्षं ऐकलाच नाही. मी 'एकाकी' ठरले होते ना! मानसशास्त्राने ठरवलं होतं. वर्गाने ठरवलं असतं तर कदाचित भांडले असते. पण शास्त्राशी कोण भांडणार?

त्याच मॅडमनी आम्हाला नैतिक विकासाच्या पायऱ्या शिकवल्या. लहान मूल आधी माराच्या भीतीने नीट वागतं. मग खाऊच्या आशेने. मग 'चांगलं मूल' म्हणवून घ्यायला. मग नियम आहे म्हणून. आणि सगळ्यात वरची पायरी, स्वतःला जे खरं वाटतं त्याच्यासाठी, चार लोक काहीही म्हणोत. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, उत्तम गुण मिळवले. मी स्वतः तिसऱ्या पायरीवर फतकल मारून बसले होते. कमलेश माझ्या शेजारीच. अन् मॅडम? जाऊ दे.

पुढे मी प्राथमिक शाळेत शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. सरकारी शाळा, खच्चून भरलेले वर्ग. तिथे बाण काढायला वेळ कोणाला? नाकं पुसायची की बाण काढायचे? पण ती 'कमी' मी अंगावर वागवली. स्टाफरूममध्ये कडेची खुर्ची माझी. कोणी विचारलं तर, "मला नाही जमत लोकांत मिसळायला, स्वभाव." स्वभाव! घरात मी एकटी बोलायला लागले की शेजारी रेडिओ बंद करायचे.

आता माझी नात चौथीत आहे. प्राची. माझी मुलगी सुजाता इथे दिल्लीतच, केंद्राच्या एका मंत्रालयात अधिकारी आहे, तिला सरकारी घर आहे, मी तिच्याकडे असते. प्राचीची शाळा मोठी, खाजगी. गुडघे दुखतात म्हणून मी शाळेत जात नाही. पण या हिवाळ्यात शाळेतून निरोप आला, पालक-भेटीला काउन्सेलरनाही भेटा. प्राची 'सोशली विथड्रॉन' आहे.

सुजाताचा चेहरा उतरला. "आई, तिला काही प्रॉब्लेम असेल का गं?"

मी म्हटलं, "ही? विथड्रॉन? काल हिने दूधवाल्याला अर्धा तास थांबवून ठेवलं होतं."

दुपारी प्राची आणि मी मटार सोलत बसलो. ती सोलत कमी होती, खात जास्त होती. मी सहज विचारलं, "शाळेत तुझ्याशी कोणी खेळत नाही का?"

"खेळतात ना. ग्राउंडवर सगळे खेळतात. मी फुटबॉलला गोलकीपर असते."

"मग?"

"ते पेपरवर नाव लिहायचं होतं ना, बेस्ट फ्रेंड्सचं. तिथे नाही लिहिलं कोणी."

"का?"

तिने एक शेंग दातांनी फोडली. "आजी, ते पेपर मॅम पीटीएममध्ये मम्मींना दाखवतात. आहाना म्हणाली, मम्मा डांटेगी. तिला चालतं, पण मम्माला नाही चालत."

मला माहीत होतं आहानाच्या आईला काय चालत नाही. प्राचीच्या वाढदिवसाला ती आली होती. हॉलमध्ये शिरली, भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "अच्छा… आप लोग…" वाक्य तिथेच सोडलं. फार गोड हसली. मग केक कापला आणि अचानक तिच्या मुलीच्या पोटात दुखायला लागलं. दुसऱ्या एका मुलीच्या घशात. चार पेपर प्लेट्स टेबलावर तशाच राहिल्या, केकसकट. सुजाताने रात्री काही न बोलता तो फोटो आतल्या खोलीत नेला. मीही काही बोलले नाही. दमले होते, असं मी स्वतःला सांगितलं.

मटार सोलता सोलता मला बसमधलं कमलेशचं डोकं आठवलं. खांद्यावरचं. जड. आणि कळलं. इतक्या उशिरा, इतकी साधी गोष्ट. बाण होता. माझ्याकडे येणारा बाण होता. तो फक्त कागदावर काढायची कोणाची हिंमत नव्हती. तक्ता काही खोटा नव्हता. त्या वर्गाचा तो अगदी अचूक फोटो होता. आणि 'तुममें क्या कमी है' म्हणून उभं केलं मला.

मला हसू आलं. मग रडू आलं. प्राची म्हणाली, "आजी, मटारने पण डोळ्यांत पाणी येतं?"

शनिवारी आम्ही तिघी शाळेत गेलो. काउन्सेलर तरुण, चेहऱ्याने खरंच चांगली. "नानीजी, आप आराम से बैठिए." तिने लॅपटॉप फिरवला. आता तक्ता कॉम्प्युटर काढतो. रंगीत वर्तुळं, नाजूक बाण. एका बाजूला, सगळ्यांपासून लांब, एक राखाडी वर्तुळ.

ती समजावून सांगत होती. प्राचीचं सोशल डेव्हलपमेंट वयाच्या मानाने मागे आहे. दर शुक्रवारी तिला एका छोट्या ग्रुपमध्ये बसवू. हसून बोलणं, शेअरिंग, मैत्री कशी करावी, हे सगळं खेळांतून. फक्त पालकांची सही हवी. "गेम्स का पीरियड है उस टाइम, तो पढ़ाई का लॉस भी नहीं होगा."

प्राचीने माझ्याकडे बघितलं. गोलकीपर.

मग तिने प्राचीपुढे एक चित्रांचा कागद सरकवला. वर फुगे, खाली ससा. "बेटा, यहाँ तीन चीज़ें लिखो जो आप अपने में बदलना चाहोगी, ताकि फ्रेंड्स आपको लाइक करें." स्केचपेनही दिलं. जांभळं.

प्राचीने टोपण काढलं. ती खरंच विचार करायला लागली. जिभेचं टोक बाहेर काढून, मन लावून, स्वतःत काय बिघडलंय ते ती शोधत होती.

मी कागदावर हात ठेवला.

"नहीं लिखेगी."

"आई," सुजाता दबक्या आवाजात म्हणाली, "प्लीज. मुलीसमोर नको."

"मुलीसमोरच हवं."

काउन्सेलर म्हणाली, "नानीजी, ये तो उसकी हेल्प के लिए…"

मी म्हटलं, "बेटा, मीसुद्धा टीचर होते, हे मीही शिकलेय. तुम्ही शिकवता ना, मुलं आधी शिक्षेला घाबरतात, मग आईने चांगलं म्हणावं म्हणून वागतात, शेवटी स्वतःच्या मनाने? या वर्गातली मुलं ग्राउंडवर हिच्याशी खेळतात आणि कागदावर हिचं नाव लिहीत नाहीत. कारण आई रागावेल. मग मागे कोण आहे? ही, की तो वर्ग?" हे सगळं मी हिंदीत बोलले, माझ्या मराठी हिंदीत.  

काउन्सेलरने लॅपटॉप मिटला. तिला उत्तर येत होतं. परीक्षेत तिनेही ते लिहिलं असणार.

"हम… कास्ट वगैरह की बात हम बच्चों से नहीं करते, मॅम," ती शेवटी म्हणाली. नानीजीची मॅम झाले होते मी. आणि तो शब्द माझ्या तोंडून निघालाच नव्हता. तिच्या निघाला.

"तुम्ही नाही करत," मी म्हटलं, "त्यांच्या आया करतात. म्हणून तर त्यांना इतकं नीट माहीत आहे."

सुजाता पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. मग तिने तो सहीचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "मैं बाद में बताती हूँ." सही केली नाही. पण माझ्याकडे बघितलंही नाही.

ऑटोमध्ये ती बोलली. "आई, तू तिला आणखी एकटं पाडलंस. आता मॅमही लांब राहतील."

"असेल."

"तुला कळत नाही, आम्हाला इथेच राहायचंय."

"मलाही इथेच राहायचं होतं, बाई. म्हणून तर टाळ्या घेतल्या." तिला ते कळलं नाही. तिला मी ती गोष्ट कधी सांगितलीच नव्हती. घरी जाऊन सांगितली. ती भांडी घासत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आणि तू 'कम बोलती हूँ' म्हणालीस?" मी म्हटलं, "हो. मूर्ख होते." ती हसली नाही.

प्राची दारात उभी होती. "मग शुक्रवारी मी गेम्सला जाऊ?"

"जा," सुजाता म्हणाली. माझ्याआधी.

काही बदललेलं नाही. पुढच्या वेळी कागद वाटले की पोरीच्या नावाचं वर्तुळ पुन्हा कडेलाच निघेल. मी एवढी जगले, मला ठाऊक आहे. गुडघे दुखतात, रिक्षावाल्याशी भांडायचं त्राण नाही, आणि गोड बोलणाऱ्या माणसांचा मला फार थकवा येतो. पण माझ्या नातीने स्वतःतलं काही बदलायचं नाही. एकही चीज नाही. बदलायचं ते त्या वर्गाने. ते शिकवणं शाळेचं काम आहे, त्याचा पगार मिळतो. मी शाळेला अर्ज दिला आहे. ज्या आया घरी मुलांना सांगतात, इसके घर का मत खाना, त्यांना बोलवा, त्यांचा शुक्रवार घ्या. तोंडी विनंती नाही, लेखी मागणी. उत्तर आलं नाही तर दुसरा अर्ज देईन. मग स्वतः जाऊन बसेन, काउन्सेलरच्या दारात, गेम्सच्या पीरियडला. खुर्ची नाही दिली तर जमिनीवर.