आमच्या कॉलनीचा निल रिपोर्ट

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आमच्या कॉलनीचा तो निल रिपोर्ट मी पाठवला होता.

राजधानीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही राहतो. रहिवासी संघाचा सेक्रेटरी मीच, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. नशामुक्ती मोहिमेचं पत्रक आलं: कॉलनीत व्यसनी किती, शुक्रवारी चारपर्यंत कळवा. आकडा असेल तर सोबत नावं, आणि संघाने आजवर काय केलं त्याचा खुलासा. ऑफिसात आयुष्यभर हेच शिकलोय, आकडा दिला की प्रश्न येतात, निल दिलं की विषय संपतो. निल, म्हणजे एकही व्यसनी नाही, असं लिहिलं, सही ठोकली, चहाला गेलो.

समोरच्या क्वार्टरमध्ये नागपूरची एक स्टेनो राहते. "जयभीम, भाऊ," म्हणत रोज जिन्यात भेटते. तिचा नवरा स्मॅकची नशा करतो हे मला ठाऊक होतं. पुड्या कुठल्या टपरीमागे मिळतात हे तर अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं, पोलिसांसकट. तिने विचारलंही होतं, "भाऊ, ते नशामुक्तीचं शिबिर आपल्याकडे येईल ना? इस्पितळात भरती करायची चिठ्ठी डॉक्टर तिथेच देतात म्हणे."

"बिल्कुल येईल," मी म्हणालो.

आली ती नुसती नशा न करण्याची शपथ. पार्कात मांडव, बॅनर, सेल्फीसाठी चौकट. तिचा नवरा पहिल्याच रांगेत, पुढे केलेला हात थरथरतोय. त्यालाही मोबाइलवर प्रमाणपत्र आलं. ते मला दाखवत ती म्हणाली, "घ्या भाऊ, सुधरले आमचे साहेब. सरकारी शिक्क्यासकट!" मीही हसलो.

डॉक्टरांचं शिबिर शेजारच्या कॉलनीत लागलं. तिथल्या सेक्रेटरीने खरीखुरी नावं लिहून पाठवली होती. ऑफिसात मी त्याची टिंगलही केली होती. ही नवऱ्याला समजावून, ओढून तिथे घेऊन गेली. टेबलावरच्या माणसाने यादी पाहिली. "मॅडम, आपकी कॉलनी तो निल है."

चिठ्ठी न मिळताच परत आली ती, संतापून. "कोण गाढव आहे हो भाऊ, ज्याने निल लिहिलं?"

"सिस्टीमच तशी आहे," मी म्हणालो. मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसलो. ती सुटलेली नव्हती.

नंतर तिचा नवरा नशेच्या सुया टोचायला लागला. मांडीत पू झाला, पाय काढावा लागला. इस्पितळाच्या फेऱ्या माझ्याच गाडीने झाल्या. "तुम्ही नसता तर मी काय केलं असतं, भाऊ," असं ती चारचौघांत सांगते. ते ऐकणं मला टोचतं.

यंदा पुन्हा पत्रक आलंय. तेच रकाने, तेच शुक्रवारी चार. या वेळी दारोदार फिरून, विचारून नावं लिहिली. त्याने माझं काही फिटत नाही. कोण, असं तिने विचारलं होतं आणि मी सिस्टीम म्हणालो होतो. त्या प्रश्नाचं खरं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही. ते देणं मी लागतो.