टाकीवरचं तळं

माझ्या सासऱ्यांनी उभं आयुष्य पाट्या रंगवण्यात घालवलं. भूमच्या आसपासच्या गावांत सहकारी संस्था निघाल्या, कुठं दुधाच्या, कुठं खरेदी-विक्रीच्या, त्यांतल्या बऱ्याच दारांवरची अक्षरं त्यांच्या हातची होती. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवरची कमळंही त्यांचीच. काही गावांत त्यांनी संस्थेचं नाव दारावर रंगवलं आणि चहा मात्र ओट्याखाली बसून प्यायला. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नसायचा. अक्षर सरळ आलं होतं, एवढं मात्र आवर्जून सांगायचे.

मी सून होऊन त्या घरात आले तोवर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड कळायचा, कुणी आलं-गेलं कळायचं, पण तोंड दिसायचं नाही. सासूबाई आधीच वारल्या होत्या. घरात आम्ही तिघंच. मामा, म्हणजे सासरे, माझे पती आणि मी. पतींचा उल्लेख मी आजही 'हे' असाच करते, तसाच इथंही करते.

हे दूध संघात पर्यवेक्षक होते. गावोगावच्या केंद्रांवर जायचं, दूध तपासायचं, जनावरांच्या छावण्यांवर चक्कर टाकायची. त्यासाठी त्यांनी कुणाची तरी वापरलेली मोटारसायकल घेतली होती. लग्नाच्या आदल्या वर्षी ती घरी आली तेव्हा टाकीचा रंग पार उडालेला होता. मामांनी ती रंगवायला मागून घेतली. तेव्हा त्यांना अंधुक का होईना दिसत होतं. यांना वाटलं, एका रंगाचा हात मारून देतील. मामांनी टाकीवर तळं काढलं.

मी ती टाकी पहिल्यांदा पाहिली ती भर उन्हाळ्यात, नव्या नवरीच्या पायांनी अंगण ओलांडताना. दोन्ही बाजूंना निळं-हिरवं पाणी, काठाला लव्हाळा, एका कडेला पाण्यावर वाकलेली बाभूळ आणि उथळ पाण्यात उभे बगळे. वरून वार्निशचा हात दिलेला, त्यामुळं ते पाणी खरंच ओलं वाटायचं. ऐंशीच्या दशकातली ती कोरडी वर्षं होती. आमची विहीर तळाला गेलेली, टँकर आला तर आला. दुपारी उंबऱ्यात बसलं की समोरचं माळरान उन्हात थरथरायचं आणि त्या थरथरीच्या अलीकडं, लिंबाच्या सावलीत, ते तळं शांत उभं असायचं. मी त्याच्याकडं बघत बसायची. डोळे जड व्हायचे. कधी वाटायचं, बाभळीखालनं एक पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत गार पाणी लागेल. मग ह्यांनी किक मारली की ते तळं धूर सोडत रस्त्यानं निघून जायचं.

हे मात्र त्या चित्रापायी अवघडायचे. संघाच्या कचेरीत लोक चेष्टा करायचे, आज तळं घेऊन आलात का म्हणायचे. वडिलांना ते तसं कधी बोलले नाहीत. मलाच एकदा म्हणाले, साधी काळी असती तर बरं झालं असतं.

डाग पडायला लागले ते छावण्यांच्या रस्त्यांनी. रस्ते कसले, नुसते दगड. टाकीच्या झाकणातला वायसर झिजला होता आणि गाडी उडाली की झाकणाखालून पेट्रोल यायचं. त्या गाडीचं पेट्रोल ऑइल मिसळलेलं. ते चित्रातल्या आभाळावरून ओघळून पाण्यात उतरायचं, उडून जायचं, पण ऑइल मागं राहायचं. त्यावर धूळ बसायची. मी रोज फडक्यानं पुसायची, वरची धूळ निघायची, डाग तसाच. हळूहळू झाकणापासून खाली तपकिरी, चिकट ओघळ तयार झाला. उन्हाळा सरता सरता तो बगळ्यांपर्यंत पोचला.

यांनी चामड्याचा नवा वायसर कापून बसवला, गळणं थांबलं. पण डाग कसा जायचा? बार्शीच्या मिस्तरीनं टाकी पाहिली आणि घासून सगळा रंग उतरवू, वर काळा मारू, असं सुचवलं. हे घरी येऊन मला ते सांगत होते तेव्हा मामा पलीकडं बाजेवर बसले होते. त्यांनी ऐकलं. त्या दिवशी ते गप्पच जेवले.

दुसऱ्या दिवशी मी यांना विचारलं, थोडे दिवस गाडी घरी ठेवता का, मी डाग काढून बघते. एसटीनं जाणं म्हणजे यांचा निम्मा दिवस मोडणार होता. पण ते हो म्हणाले.

मग मी मामांकडं गेले. म्हटलं, "मामा, डाग कसा काढायचा?"

"लावायचं मला ठाव हाय," ते म्हणाले. "काढायचं काम कधी केलं न्हाय म्या."

आम्हां दोघांनाही ते येत नव्हतं, म्हणून आम्ही आधी डब्यावर हात बसवायचं ठरवलं. घरात तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा होता, मामांनी कधीतरी रंगवून वार्निश मारलेला. त्यावर पेट्रोल-ऑइल सांडून उन्हात ठेवला. डाग पक्का झाल्यावर एकेक करून बघितलं. चुलीतल्या राखेनं डाग गेला, पण पत्र्यावर ओरखडे उठले. मामांनी बोट फिरवून पाहिलं आणि राख नको म्हणाले. नुसत्या पेट्रोलनं पुसलं तर डागाबरोबर रंगही मऊ पडून फडक्याला आला. शेवटी जमलं ते असं. आधी रिठ्याच्या कोमट पाण्यानं वरचा मेणचटपणा काढायचा. वाळलं की कापसाच्या बोळ्याला अगदी थोडं रॉकेल लावून डाग मऊ करायचा, लगेच कोरड्या फडक्यानं टिपायचा. आणि उरलेल्यावर दात घासायची पांढरी पावडर जवसाच्या तेलात कालवून, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं हलक्या हातानं घासायचं. पाणी तांब्याभरच वापरायचं, तेही नंतर अंगणात शिंपडायचं, असा घरचा दंडक होता.

दुपारी वस्ती निजली की आम्ही लिंबाखाली बसायचो. टाकी गाडीवरनं उतरवून, रिकामी करून, पोत्यावर ठेवलेली. मी घासायची, मामा शेजारी बसायचे. डाग बहुतेक वरच्या वार्निशमध्येच मुरला होता, असं त्यांचं म्हणणं. वार्निश उतरेल तसा डाग उतरेल, पण खालचं चित्र नाही गेलं पाहिजे. कुठं थांबायचं ते कसं कळणार, मी विचारलं. त्यांनी माझं बोट धरून टाकीवर ठेवलं. वार्निश काचेसारखं गुळगुळीत होतं. मग त्यांनी माझं बोट घासलेल्या जागी नेलं. तिथं बारीक बारीक रेघा लागत होत्या.

"ह्यो ब्रशचा केस," ते म्हणाले. "ह्यो लागला की थांबायचं. त्याच्याखाली माझं काम हाय."

त्या दुपारी मला आजही कधी झोपेत येतात. जवसाच्या तेलाचा वास, रॉकेलचा वास, वरून लिंबाची वाळकी पानं पडताहेत, लांब कुठंतरी टँकरची घरघर येते आणि विरून जाते. हात गोल गोल फिरत राहायचा. तपकिरी ओघळाखालून आधी आभाळाचा एक तुकडा वर यायचा, मग लव्हाळ्याचं एखादं पातं. मला वाटायचं, मी डाग काढत नाही, पाणी उपसते आहे, आणि ते जितकं उपसावं तितकं वर येतंय. मामा मधेच बोटानं चाचपायचे आणि कुठं काय आहे ते सांगायचे. इथं बाभळीची मुळी, इथं पाण्यात तिची सावली. हे तळं कुठलं, मी एकदा विचारलं. ते म्हणाले, लहानपणी आईबरोबर कुठंतरी कामाला गेलो होतो, तिथं असं पाणी होतं. गावाचं नाव आठवत नाही. आई काठाला बसून भाकरी खात होती आणि बगळे हलत नव्हते, एवढंच आठवतं.

बगळ्यांपाशी मात्र माझा घात झाला. तिथं पेट्रोल वार्निशच्या खाली शिरलं होतं. मी नेहमीसारखं हलकंच घासलं आणि फडक्यावर पांढरं उतरलं. हात थांबला तो थांबलाच.

"काय गेलं?" मामांनी विचारलं. माझा हात थांबलेला त्यांना कळला होता.

"कडंचा बगळा, मामा."

लिंबावर एक कावळा येऊन बसला, उडून गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते त्यांना दिसणार नव्हतं, म्हणून मी पुसलंही नाही.

"मग तू काढ," ते म्हणाले.

मी म्हटलं, मला रांगोळीपलीकडं काही येत नाही. त्यांनी उठून, भिंत धरत धरत जाऊन कोनाड्यातली रंगाची पेटी आणली. डब्यांची झाकणं वाळून घट्ट बसली होती. सुरीनं उचकटावी लागली. ब्रश कसा धरायचा, रंग किती घ्यायचा, मनगट कुठं टेकायचं, हे त्यांनी मला हात धरून दाखवलं. मी बगळा काढला. श्वास रोखून काढला. वाळल्यावर त्यांनी त्यावर बोट फिरवलं, पोटापाशी जरा थांबले.

"लई जेवलेला दिसतोय," म्हणाले, आणि मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांना हसताना ऐकलं.

त्याच संध्याकाळी हे एसटीनं परतले. पाय धुता धुता सांगायला लागले. छावणीवर एका म्हातारीनं विचारलं म्हणे, सायेब, आज तळं का न्हाय आणलं? हे म्हणाले, घरी दुरुस्तीला आहे. तर दुसऱ्या केंद्रावरही तेच. दूध घालायला आलेल्या बायका थांबून विचारत होत्या. यांना माहीतच नव्हतं की गाडी लावून हे आत गेले की लोक टाकीभोवती उभे राहतात. सांगून झाल्यावर हे टाकीपाशी गेले, ओणवे होऊन माझा बगळा बघितला, आणि वार्निश कधी मारायचं एवढंच विचारलं. बार्शीचा आणि काळ्या रंगाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

डाग पुरता गेला नाही. झाकणापासून पाण्यापर्यंत एक फिकट पिवळी रेघ राहिलीच. मी तिच्यावर आणखी हात चालवला नाही. वार्निश मारलं, टाकी गाडीवर चढवली, आणि तळं पुन्हा रस्त्याला लागलं.

पुढच्या हिवाळ्यात तालुक्याला डोळ्यांचं शिबिर लागलं. मामा आधी नको नको म्हणत होते, मग यांच्यामागं गाडीवर बसून गेले. ऑपरेशन झालं. काही दिवसांनी पट्टी सुटली आणि जाड भिंगाचा चष्मा मिळाला. ते घरी आले तेव्हा मी दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायला उभी होते. मोटारसायकल अंगणात उभी राहिली, ते उतरले. मला वाटलं, आता टाकीकडं वळतील. ते माझ्याकडं आले. अगदी जवळ येऊन उभे राहिले आणि भिंगांतून बघत राहिले. सासऱ्यांसमोर मान वर करायची मला सवय नव्हती, पण त्या वेळी मी खाली बघितलं नाही.

"लई ल्हान हाईस की गं तू," ते म्हणाले. "आवाजावरनं मला मोठी वाटली हुतीस."

आतून चहाचं आधण उकळून सांडल्याचा वास आला, तरी मी हलले नाही. हे मागं गाडीचं स्टँड लावत होते, तेही तसेच उभे राहिले.

मग मामा आत येऊन बसले. चहा प्याले, बशीतला सुद्धा. घरभर नजर फिरवली. तव्याकडं, भिंतीकडं, कोनाड्याकडं बघितलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, शेजारच्या गावात बायकांची दूध संस्था निघते आहे, पाटीसाठी माणूस विचारून गेला होता. मामांचा हात आता कापतो, म्हणून त्यांनी माझं नाव सांगून ठेवलं होतं. उद्यापासून अक्षरं गिरवायला बसू, आधी काना, मग वेलांटी.

मी बशी उचलली आणि बरं म्हटलं.