भोंगाबाई

तिचा घसा मी जाळला. आणि चौकशीत सांगितलं, की तिनंच तो जाळून घेतला.

गोंदियातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवायचो आणि ती संडास धुवायची. नाव मंजुळा, पण पोरं भोंगाबाई म्हणायची. ओल्या फरशीवर कुणी पाय ठेवला की वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं, "काऊन चालून राहिला रे? पाय हाय का नांगर?" प्राचार्यसुद्धा भिंतीच्या कडेकडेनं जात.

तिच्या प्रत्येक लुगड्यावर ब्लीचिंग पावडरचे पांढरे डाग असत. "रंग गेला की बाई," मी एकदा म्हणालो. "पावडर रंग खाते सर, माणूस नाही खात." मी हसलो. त्या पावडरीतला हायपोक्लोराइट आयन मी दरवर्षी फळ्यावर काढायचो. एक क्लोरीन, एक ऑक्सिजन, वर एक ऋणभार. अल्कलीत तो नांदतो. आम्ल मिळालं की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि घशाच्या ओलाव्यात त्याचंही आम्लच होतं. हे मी पोरांकडून घोकून घ्यायचो.

महाविद्यालयाच्या तपासणीच्या सकाळी संडासातले पिवळे डाग निघेनात, आणि स्वच्छतेची जबाबदारी माझ्यावर होती. समिती फाटकाशी आलेली. ती पावडर कालवून घासत होती. मी प्रयोगशाळेतली ॲसिडची बाटली आणून तिच्या बादलीत उपडी केली. "घासा आता, लवकर!" आणि वास बाहेर येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं.

भोंगा वाजला नाही. खोकला ऐकू आला, तेव्हा मी पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवत होतो.

दवाखान्यातून ती परतली ती कुजबुजतच. पोरं कानावर हात ठेवून म्हणायची, "भोंगाबाई, वाजव ना!" चौकशीत मी म्हणालो, "अडाणी बाई, दोन्ही एकत्र केलं." ती माझ्याकडे बोट करून काही सांगत होती. ते टेबलापलीकडे पोचलं नाही, आणि कुणी खुर्चीही पुढे ओढली नाही. तिला कामावरून काढलं. पुढच्या वर्षी मी तोच आयन पुन्हा फळ्यावर काढला.

परवा गोंदियाजवळच्या कुडव्याला तिच्या दारात गेलो. समोर नळावर बाया भांडी भरत होत्या. मी हळूच म्हणालो, "चुकलं माझं."

"मोठ्यानं बोला ना सर," ती कुजबुजली. "इथंबी मले अडाणीच म्हणतेत. तुमचा गळा तर हाय अजून."

मी नळाकडे तोंड केलं.

"ॲसिड मी ओतलं होतं! मंजुळाबाईंनी नाही! मंजुळाबाई, मला माफ करा!"