पहिल्या मागाचं शून्य

बंदेनवाज शेख यांनी वीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग दुरुस्त केले आणि पंचेचाळिशीत, लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर, प्रोग्रॅम लिहायला शिकले. त्यांचं म्हणणं एवढंच, की माग काय नि प्रोग्रॅम काय, बंद पडला की आधी शिव्या खातो, मग दुरुस्त होतो.

चन्नवीर मालकांच्या टॉवेल कारखान्यात बारा माग. कुठला रोज किती टॉवेल काढतो, त्याची महिन्याची सरासरी काढणारा प्रोग्रॅम बंदेनवाजांनी बसवला. पहिलाच निकाल आला : माग क्रमांक एक, शून्य.

मालकांनी लगेच भंगारवाल्याला चारची वेळ दिली. त्या मागावरच्या तिप्पण्णालाही दुसरीकडं काम बघायला सांगून टाकलं.

"मालक, तो बघा की, समोर खडखडतोय!" बंदेनवाज म्हणाले.

"आवाज लई करतोय. टॉवेल कुटं हायत? कम्प्युटर खोटं बोलतोय व्हय?"

कम्प्युटर खोटं बोलत नाही, पण त्याला शिकवणारा चुकतो, हे बंदेनवाजांना ठाऊक होतं. तुटका धागा शोधावा तसे ते आकड्यांची रांग, म्हणजे प्रोग्रॅमवाल्यांचा अ‍ॅरे, एकेक घर उघडून बघू लागले. घरं निघाली तेरा. माग बारा! पहिल्या घरात आकडाच नव्हता. होतं 'श्री'.

टॉवेल मोजून कम्प्युटरवर भरायचं काम चंद्रव्वांचं.

"चंद्रव्वा, पहिल्या ओळीत श्री लिहिलंत?"

"मग? देवाचं नाव न घेता पान सुरू करू व्हय?"

दोष खरा बंदेनवाजांचाच. माग बंद असला की जागा रिकामी राहते, म्हणून त्यांनीच लिहून ठेवलं होतं : आकडा नसेल तिथे शून्य धर, आणि पहिली बारा घरं घे. त्यामुळे शून्य तिप्पण्णाच्या नावावर गेलं, प्रत्येकाचे टॉवेल शेजाऱ्याला मिळाले आणि बाराव्याचे हवेत विरले.

"तुमच्या वहीवर बी ७८६ असतंय की, नवाजभाई," चंद्रव्वा फणकारल्या.

"ते भरलं असतं तर तिप्पण्णाचे रोज सातशे शहाऐंशी टॉवेल निघाले असते. मालकांनी मागाला हार घातला असता!"

देवाला हलवण्यापेक्षा प्रोग्रॅम हलवणं सोपं. श्रीची ओळ सोडून मोजायला सांगितलं आणि पावणेचारला नवा निकाल आला. पहिला माग बारांत नववा. मालकांनी कागद दोनदा वाचला, "र्‍हाऊ द्या" म्हणाले आणि भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

आता तिप्पण्णा पाया पडेल की काय, या धास्तीने बंदेनवाज लॅपटॉप आवरू लागले. तिप्पण्णा आला, कागदावर बोट ठेवून उभा राहिला.

"नववा? अठरा वर्सं झाली मला हितं. परत मोजा की!"