टीबी नव्हता

"टीबी नाही," डॉक्टर म्हणाले आणि आईनं हात जोडले.

भिवंडीत नव्वद सालाच्या आसपास कुणी वाळत चाललं की पहिला संशय टीबीचाच यायचा. माझा एक्स-रे, थुंकी, रक्त, सगळं तपासून झालं होतं. मी एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. त्या सकाळी वर्गात चक्कर येऊन पडले. मैत्रीण शबनमनं रिक्षात घालून दवाखान्यात आणलं, आणि निरोप मिळताच आई पडघ्याहून धावत आली.

"मग हिला हाय तरी काय?" आईनं विचारलं.

"अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. भूक लागते, पण ही ती मारते. जाड होण्याची भीती मनात इतकी बसते की हाडं दिसली तरी आरशात जाडच दिसतं. आजार मनाचा आहे, पण जीव घेऊ शकतो. रक्तातलं पोटॅशियम फार उतरलंय. हृदयाचे ठोके नीट पडायला तो क्षार लागतो. आजच दाखल करा."

आईला पटेना. ती अंगणवाडीसेविका, गावातल्या पोरांची वजनं घेऊन कोण कुपोषित ते ठरवणारी. "माझ्या घरात अन्न हाय, डॉक्टर. ही रोज डबा नेते, रिकामा आणते."

"चाची, डबा मैं खाती हूं," शबनम म्हणाली. "साल हो गया. इसने कसम दी थी."

मी भिंतीकडे तोंड केलं.

सुरुवात गॅदरिंगला झाली होती. नाच बसवणाऱ्या बाईंनी मला पुढच्या रांगेतून मागे नेलं. "अंगानं भरलेली आहेस," एवढंच म्हणाल्या. पुढं मी कमी जेवले की मुली कौतुक करायच्या. तेच मला पुरायला लागलं.

वॉर्डात सतरा दिवस काढले. सलाईन, मग पेज, मग मऊ भात. प्रत्येक घासाला रडले. आई घास धरून बसायची. एकदा हळूच म्हणाली, "लोकांची पोरं मोजत बसले, माझीच मला दिसली न्हाय." त्या दिवशी मी पूर्ण वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही म्हटलं. बरं होणं असंच चाललं, पुढं-मागं.

नंतर ठाण्याला मानसोपचार, म्हणजे डॉक्टरांशी बोलून मनावर इलाज. गावात कुजबुज झाली, वेड्यांच्या डॉक्टरकडे नेतात म्हणून. बाबा पोस्टात होते. दर गुरुवारी रजा टाकून सोबत यायचे, आणि कुणी विचारलं की सरळ सांगायचे, "पोरीच्या मनाला आजार झालाय. औषधपाणी चालू हाय."

माझं वर्ष गेलं. मी राहिले. आजही वाईट दिवस येतात, तेव्हा त्याच दिवशी कुणाला तरी सांगते. तुमच्यापैकी कुणी असं लपवत असेल, तर एका माणसाला तरी सांगा. आणि मैत्रिणीनं शपथ घातली असेल, तर खुशाल मोडा.

शबनमशी मी चार महिने बोलले नव्हते. शेवटी तिच्या घरी गेले. भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम धडधडत होते, माफी ओरडूनच मागावी लागली.

"सुनाई नहीं दिया," ती म्हणाली.

मी पुन्हा ओरडले. तिला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, हे तिच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून कळलं.